वेगळ्या नंबरांची फाईल

बायको गेल्याचं कारकुनाला कळलं ते दुपारी सव्वातीनला, ऑफिसच्या शिपायाकडून. तोवर सकाळपासून त्याने अनोळखी नंबरांचे चौदा कॉल कापले होते. अकरा निवडणूक प्रचाराचे, रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे. शेवटचे तीन तिचे.

रस्त्यात तिच्या छातीत कळ आली. पडताना तिचा मोबाईल फुटला, म्हणून ती फळवालीच्या फोनवरून लावत होती. ऑफिस तिथून पाच मिनिटांवर. "हे येतीलच," म्हणत ती दवाखान्यात न्यायला थांबवलेल्या गाडीत बसायलाच तयार होईना.

दवाखान्याच्या पायरीवर मेव्हण्याने त्याला गाठलं. "भावजी, जगाला शिकवलंत, अनोळखी नंबर दिसला की कापा म्हणून. ताईलाही सोडलं नाहीत!"

खोटं नव्हतं. प्रचाराच्या कॉलच्या तक्रारी ऑफिसात कारकुनाच्याच टेबलावर यायच्या, आणि वर्षभर तो लोकांना हेच ऐकवत आला होता. त्याच टेबलावर एक फाईलही होती. प्रचाराचे कॉल ठरावीक आकड्यांनी सुरू होणाऱ्या वेगळ्या नंबरांवरूनच करावेत, म्हणजे माणसाचा कोणता आणि यंत्राचा कोणता हे बघताक्षणी कळेल, असा प्रस्ताव होता. सात महिने ती त्याच्याकडे पडून होती. दोनदा त्याने परत पाठवली. एकदा पानांना आकडे नव्हते, एकदा झेरॉक्स पुसट होती.

दोन आठवड्यांनी तो कामावर आला, एकाच बैठकीत त्या फाईलवर मंजुरीची टिप्पणी लिहून काढली आणि वरिष्ठ मॅडमपुढे ठेवली.

"वाईट झालं हो," मॅडम म्हणाल्या. टिप्पणी वाचून त्यांनी चष्मा काढला. "पण तुम्ही आता बाधित पक्ष. तुमच्या हातची टिप्पणी चालायची नाही. प्रचारवाले बोंब मारतील, सूड उगवला म्हणून."

"मग दुसऱ्या कोणाला द्या."

"दुसरं आहे कोण? नवा माणूस येईपर्यंत राहू दे पडून. सात महिने राहिलीच ना? तेव्हा तुम्हालाही कुठे घाई होती?"

तो फाईल घेऊन जागेवर आला. फोन वाजला. अनोळखी नंबर. हल्ली तो एकही कॉल कापत नाही.

"नमस्कार! आपलं एक मत..."

त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

मतदान रविवारी आहे. फाईल त्याच्याच टेबलावर आहे. टिप्पणीखाली अजून कोणाची सही नाही.