हनुवटीची खूण

आमच्या यायनं, म्हणजे खुशालरावनं, अमरावतीले अक्कलदाढ काढली आन् दाढेखालची नस दुखावली. खालचा अर्धा ओठ आन् हनुवटी बधिर. वरून मधातच अशी चमक मारे का माणूस घास टाकून उठे. डॉक्टर म्हणे, "नस हळूहळू जागी होते. गोळ्या मनानं बंद करू नका. चहा आधी बोटानं पाहा." माह्या हातच्या चहात बोट बुडवाले लागले बाप्पा!

पण खरं दुखणं निराळंच होतं. जेवताना वरण हनुवटीवर वघळे आन् यायले पत्ताच नसे. एका बारशात बाया हासल्या, तवापासून यायनं चारचौघात जेवणंच सोडलं. आन् आता आमच्या पोरीचं, प्रणालीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, अकोल्याले, पोराच्या घरी. "मी नाई येत," म्हणे. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"काहून नाई येत?" मी भडकली. "घरी करतो तसंच करू. मी माही हनुवटी पुसली का तुमी तुमची पुसा."

पण मी येडी एक गोष्ट साफ इसरली. तिथं माणसायची पंगत पयले, बायायची मंग! हे ओळीत बसले आन् मले शोधून राहिले. मी सयपाकघराच्या दारातूनच पदरानं हनुवटी पुसली. बाजूले व्याही शेषराव. त्यायले वाटलं, मी त्यायलेच सांगून राहिली. त्यायनं पुसली, त्यायचं पाहून बाजूच्यानं पुसली, आन् पाहता पाहता अख्खी ओळ हनुवट्या पुसून राहिली! हे पोट धरून हासले. हासता हासता सारं खरं सांगून टाकलं.

"एवढंच ना?" शेषराव म्हणाले. "मंग आमी बी पुसत जाऊ."

दिवाळीनंतर डॉक्टरनं यायले डोळे मिटाले लावले आन् ओठाले कापूस लावला. हे बरोब्बर सांगत, इथं, आता तिथं. "कधीपासून समजते?" डॉक्टरनं विचारलं.

"झाला असन महिना."

मले असा राग आला! "मंग जेवताना रोज माह्याकडे काहून पाहता? मी येड्यावानी पुसून राहिली!"

"अवं जमुने," हे हळूच म्हणाले, "इतकी वर्सं तू वाढून निंगून जात होती. आता समोर बसून पाहत राहतं. बरं वाटते मले."

घरी आलो, जेवाले बसलो. यायनं हनुवटीले वरण लावून घेतलं आन् माह्याकडे पाह्यलं.

मी पुसली माही.