कोळंबीच्या टरफलांचं औषध

"हिच्यापेक्षा मासळीबाजार बरा, तिथे दारं तरी उघडी असतात," सासूबाई पुटपुटल्या. सून त्यांच्या पाठीमागची उशी नीट करत होती, तेव्हा तिला ऐकू जाईल याची पूर्ण काळजी घेऊनच पुटपुटल्या.

सुनेच्या अंगाला येणारा वास कोळंबीच्या टरफलांचा होता. सुनेच्या प्रयोगशाळेत ती टरफलं धुऊन, दळून, रसायनात उकळून त्यांची पांढरी भुकटी करत आणि त्या भुकटीपासून डोळ्यांना न दिसणारे कण. कॅन्सरचं औषध त्या कणांत भरायचं, म्हणजे ते वाटेत कुठे न सांडता थेट गाठीपाशी उतरेल, असा बेत.

हा बेत तिने मागे एकदा जेवताना भारी उत्साहाने सांगितला आणि तिथेच चुकलं. सासूबाईंच्या पोटात गाठ निघाली, तेव्हा सगळ्या घराला तो नेमका आठवला. हॉस्पिटलमधली, सलाईनमधून द्यायची औषधं दोनदा पुढे ढकलली गेली. घरचं माणूस औषध करतंय, मग उगाच केस कशाला घालवायचे, असं सासूबाईंचं म्हणणं. नवरा म्हणे, आईला उमेद आहे तर असू दे. नणंद रोज फोनवर विचारी, जमलं का? सून सांगे, नाही, आजही फाटलं. ते खोटं नव्हतं. द्रावण जरा घाईने ओतलं की नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या होत. त्या गुठळ्यांनी तिला बरेच दिवस सांभाळून घेतलं.

आज मात्र जमलं. थेंब थेंब सोडता सोडता बाटलीत निळसर धुकं धरलं आणि टिकलं. आनंदाच्या भरात तिने ते नवऱ्याला कळवलं. ती घरी पोचेपर्यंत नणंद येऊन बसलीही होती. आता उशी ठीक होईतो नणंदेने उद्याची वेळ रद्द करायला हॉस्पिटलचा नंबर काढला.

"थांबा, वन्सं. फोन करू नका."

नवऱ्याने लांबूनच मान हलवून, आईला काही सांगू नको, अशी खूण केली. सून पलंगाच्या कडेला टेकली, वासासकट. सासूबाईंनी पाय आखडून तिला जागा करून दिली.

"आई, ते अजून उंदरांनासुद्धा दिलेलं नाही," ती म्हणाली. "माणसांपर्यंत यायला वर्षं लागतील. तेवढी वर्षं तुमच्याकडे नाहीत."