न फवारलेली वाडी

मुरुडच्या केळी-नारळाच्या वाड्यांतल्या फळमाश्यांवर प्राप्तीनं उमेदीची वर्षं घातली होती. फवारणी वाढत गेली तशा तिथल्या माश्याही बदलत गेल्या, हे तिला सिद्ध करायचं होतं. तिच्याकडे पुरावा होता. जनुकांत एका जागी सगळ्या माश्या जणू एकाच साच्यातल्या निघत होत्या. औषध पचवणारं जनुक असलेल्या तेवढ्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली आणि त्या जागचा वेगळेपणा पुसला गेला, असा तिनं अर्थ लावला होता.

प्रबंध द्यायची वेळ तोंडावर आली, तेव्हा तिच्या मार्गदर्शक सत्यवती मॅडमनी विचारलं, "मधे येऊन गेलेल्या चक्रीवादळाचं काय? वाड्या झोपल्या तेव्हा माश्याही मेल्या असणार. उरलेल्या मूठभरांची पिल्लावळ सारखी दिसणारच. यात फवारणीनं केलेली निवड कुठली? योगायोग म्हण."

वादळ झेललेली, पण कधीच न फवारलेली वाडी मिळाली आणि तिथल्या माश्यांत तो वेगळेपणा शिल्लक असला, तरच प्राप्तीचं म्हणणं टिकणार होतं. तिनं किनारा पालथा घातला. जिथे जावं तिथे फवारणीचा पंप. शेवटी वादळात झोपलेल्या एका वाडीच्या मालकीण सोनाबाईंचा पत्ता लागला.

"औषिद? न्हाय गो, आमी कदी मारलंच न्हाय," म्हातारी फोनवर म्हणाली. "ये तू."

वाडी बघायचीय, एवढंच प्राप्ती बोलली. माश्यांचं नाव काढायला तिला संकोच वाटला.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरून ती वाडीत शिरली आणि उग्र वास तिच्या नाकात घुसला.

"बस गो," सोनाबाई हौसेनं म्हणाल्या. "शिकलेली पोर येनार, न् पिकल्या केल्यांवर माश्यांचा घोंगाट. बरं दिसतं का? म्हून आमच्या नातवानं, कान्हानं शेजाऱ्याचा पंप आणून सकालीच औषिद मारलं. बग, येक माशी न्हाय!"

प्राप्ती मटकन खाली बसली. "आजी, मला माश्याच हव्या होत्या हो," ती कशीबशी म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. सोनाबाईंनी तोंडाला पदर लावला.

उठायला प्राप्तीनं जमिनीवर हात टेकला, तर कुजक्या केळ्याच्या गरासोबत तळव्याला बारीक ठिपके चिकटून आले. लाल डोळ्यांच्या फळमाश्या, नुकत्याच मेलेल्या. ती गुडघ्यांवर रांगत एकेक वेचू लागली.

"मेलेल्या नेऊन काय करशील?"

"यांच्यातली जनुकं अजून शाबूत असतील, आजी. ऊन चढायच्या आत उचलायला हव्यात!"

सोनाबाई वाकल्या, कान्हाही पंप टाकून धावत आला. तिघांनी मिळून प्राप्तीनं आणलेल्या बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये माश्या टाकल्या.

प्रयोगशाळेत बहुतेक खराब निघाल्या. मोजक्याच माश्यांची जनुकं वाचता आली, आणि त्यांत त्या जागी तऱ्हेतऱ्हेचा वेगळेपणा होता. सत्यवती मॅडमनी पडद्यावरचे निकाल पहिल्यापासून पुन्हा तपासले.

"वादळावर खापर फोडता येणार नाही आता," त्या म्हणाल्या. "पण एवढ्याशा माश्यांवर निष्कर्ष उभा राहत नाही, प्राप्ती. आणखी आण."

आणखी कुठून आणणार? सोनाबाईंच्या वाडीत आता वाढणार होती ती औषधातून वाचलेल्या माश्यांचीच प्रजा. प्राप्तीनं प्रबंध वेळेत दिला. 'सिद्ध झाले' होतं तिथे स्वतःच्या हातानं 'शक्यता दिसते' असं लिहिलं. पदवी मिळाली. तशी दुसरी वाडी ती अजून शोधतेय.