नदाला कसं उचलायचं

जॉर्डनमधल्या करकच्या इस्पितळात तळमजल्यावर, औषधांच्या गोदामाला लागून माझं ग्रंथालय आहे. नर्सनी कॉम्प्युटरवर वैद्यकीय माहिती स्वतः शोधावी म्हणून मी दर आठवड्याला वर्ग घ्यायचे. वर्गाला येणाऱ्या बऱ्याच जणी माझ्याकडच्या शेगडीसाठी यायच्या. हिवाळ्यात खाली तेवढीच एक ऊब.

नवजात बाळांच्या वॉर्डातली सर्वांत जुनी नर्स कधीच आली नव्हती. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे तिला उम्म रकान, म्हणजे रकानची आई, म्हणत. एका सकाळी ती दार ढकलून आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली,

"इब्तिहाज, ते तुझं यंत्र चालू कर. एक बाळ आलंय. सलाईनची पट्टी काढली तर पट्टीबरोबर कातडी निघून आली."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"कातडीचा तुकडा अम्मानला तपासायला पाठवलाय. उत्तर येईपर्यंत हात लावू नका म्हणतात. हात न लावता दूध कसं पाजू? लंगोट कसा बदलू? तिची आई काचेला नाक लावून उभी असते गं. जन्मल्यापासून पोरीला घेतलेलं नाही तिनं."

मी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तुम्हीच शोधा, मी दाखवते."

"मी उत्तर न्यायला आलेय, शाळेत नाव घालायला नाही."

"पुढच्या वेळी मी रजेवर असले तर?"

ती कुरकुरत बसली. एका बोटानं टाइप केलं, तर म्हाताऱ्यांच्या पाठीवरच्या जखमांची ढीगभर माहिती आली. "हे काय माझं बाळ आहे?" ती माझ्यावर खेकसली. मग आम्ही शब्द बदलले. नवजात, फोड, कातडी सुटणं, आणि शेवटी परिचर्या. तेव्हा कुठे नेमकं सापडलं: अशा बाळांना सांभाळणाऱ्या नर्सनीच लिहिलेल्या सूचना. चिकटपट्टी अजिबात नको. हातातला नावाचा पट्टाही काढा. कपडे उलटे घाला, म्हणजे शिवण टोचणार नाही. फोड निर्जंतुक सुईनं फोडा, वरची कातडी तशीच राहू द्या. काखेत हात घालून कधीही उचलू नका. मऊ गादीवर ठेवून गादीसकट उचला.

उम्म रकाननं माझा कोट ओढला, त्याची बाळाएवढी गुंडाळी केली, शाल खाली घातली आणि टेबलावरून हलकेच उचलली. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. तिचा कोपर एकदा टेबलाला लागला. "मेलं असतं," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

तेवढ्यात मी पुढचं पान उघडलं होतं. या आजाराच्या सर्वांत वाईट प्रकारात बहुतेक बाळं वर्षही काढत नाहीत, असं तिथं लिहिलं होतं. तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं.

"हे छापू नकोस."

"आईला कळायला नको?"

"कुठला प्रकार ते अजून डॉक्टरलाही ठाऊक नाही. कळलं की तो सांगेल, मी शेजारी उभी राहीन. आज तिला उचलायचं कसं तेवढं दे."

मी तेवढंच सोप्या भाषेत लिहून दिलं.

दुपारी मी वर गेले. फिद्दा, म्हणजे बाळाची आई, खुर्चीत ताठ बसली होती. उम्म रकाननं गादीसकट नदाला तिच्या मांडीवर ठेवलं. फिद्दानं हात दोन्ही बाजूंना हवेतच धरले होते.

"खाली घे हात. गादीला धर, तिला नको."

फिद्दानं गादी धरली. मग वाकून पोरीच्या डोक्याचा वास घेतला. डोकं तेवढं धड होतं.

अम्मानहून उत्तर आलं ते त्या वाईट प्रकाराचंच. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उम्म रकान शेजारी होती. त्यानंतर फिद्दा मलमपट्टी स्वतः करायला शिकली. आधी वेदनेचं औषध, मग अर्धा तास थांबायचं, मग पट्टी. नदा तिच्या हातून कमी रडायची, असं वॉर्डातल्या सगळ्या सांगत. बदामाची झाडं फुलली त्या सुमारास ती फिद्दाच्या मांडीवरच गेली.

चाळीस दिवसांचा दुखवटा संपल्यावर उम्म रकान फिद्दाला माझ्याकडे घेऊन आली. बरोबर काळ्या कपड्यातली सासू होती. ती फिद्दाची सख्खी आत्याच. भावाची मुलगी तिनं हट्टानं सून करून आणली होती.

"डॉक्टरांनी सगळं सांगितलं," फिद्दा म्हणाली, "पण तेव्हा मला काही ऐकूच आलं नाही. पुढचं मूलही असंच होईल का?"

मी पान उघडलं आणि वाचून दाखवलं. दर खेपेला, चारांत एक.

"म्हणजे तीन चांगली होतील?"

"तसं नाही, बाळा," उम्म रकान म्हणाली. "दर खेपेला नव्यानं तेवढाच धोका. अम्मानला यातले डॉक्टर आहेत. आधी त्यांना भेटा."

"आणि हे येतं कुणाकडून? घरी सगळे म्हणतात, माझ्या आईकडून आलं."

मी उम्म रकानकडे बघितलं. ती सासूसमोर खुर्ची ओढून बसली.

"दोघांकडून यावं लागतं, हज्जा. एकाकडून आलं तर काही होत नाही. तुमचा मुलगा आयद आणि ही, दोघांच्या रक्तात आहे. दोघं एकाच आजोबांची नातवंडं."

सासू शेगडीकडे वळली.

"म्हणजे माझ्या बापाच्या घरातलं."

"बहुधा. त्यात कुणाचा दोष नाही."

"माझ्या आईची दोन गेली होती. अंगाला फोड येऊन. नजर लागली म्हणायचे." तिनं फिद्दाचा हात धरला. "तुला मीच आणली गं."

फिद्दानं हात सोडवून घेतला नाही.

सासू-सून दोघी अम्मानला जाऊन आल्या, पण फिद्दानं पुन्हा दिवस राहू दिले नाहीत. घरात आयदच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा सासूनंच सगळ्यांना गप्प केलं, असं उम्म रकाननं सांगितलं. आता ती दर आठवड्याला वर्गाला येते आणि पोरींना शब्द कसे बदलायचे ते शिकवते. परवा मी विचारलं, फिद्दा कशी आहे?

"कशी असणार?" ती म्हणाली. "नदाची गादी अजून उन्हात घालते. मी पाहिलं."