एका दाराला दोन कुलपं

माझा धाकटा दीर नरहरी माझ्या अंगणात येतो, माझ्याच नळाचं पाणी पितो, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. दोन वर्षं झाली. सहा वर्षांचा होता तेव्हापासून मी त्याला भाकरी करून घातली, आणि आता म्हणतो, "वयनी, तुमचं घर विरोधी गटाचं हाय."

विरोधी गट म्हणजे आमचे हे, कुशाबा. त्याचाच सख्खा भाऊ!

दिल्लीत पुढाऱ्यांचं युतीवरून बिनसलं, लाल बावट्याचा पक्ष फुटला आणि ती फूट जांब्यात, आमच्या गावात, थेट आमच्या घरात शिरली. घराला लागून असलेली खोली मी तीस वर्षं पक्षाला फुकट दिलेली. शेजारच्या खोल्यांना कंपनीवाले भाडेकरू पैसे मोजतात. फुटीच्या दिवशी ह्यांनी खोलीला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी नरहरीनं त्याच कडीत आपलंही अडकवलं. एकट्याच्या किल्लीनं दार उघडेना. मग दोन्ही गट अंगणातल्या चिंचेखाली बसायला लागले, एक शनिवारी, एक रविवारी.

परवा सकाळी त्या दाराच्या फटीतून धूर आला. मी मेन स्विच पाडला आणि बोंब ठोकली. दोघंही किल्ल्या घेऊन धावत आले, आणि दारापुढं नुसते उभे.

"त्याला सांग, आधी त्यानं काढावं," हे मला म्हणाले.

"वयनी, आमच्या कमिटीचा ठराव हाय. आधी त्यांचं निघाल्याबिगर आमचं निघायचं न्हाई."

"आग लागली तरी?"

"ठरावात आगीचं काय न्हाई," नरहरी बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला.

बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला होत्या. मजुरांचे एवढे पुढारी, पण एकाची नजर तिकडं गेली नव्हती. मी पहार घातली. दार कुलपांसकट निखळलं.

आत जळकी वायर आणि धुमसणारा पत्रकांचा गठ्ठा. दोन बादल्यांत विझलं. माझा जीव भांड्यात पडला. मी शिवलेला बावटा भिंतीवर होता, काजळीनं माखलेला. दोघांनी दोन टोकं धरली.

"झटक रं," हे म्हणाले.

"झटकतोय की, दादा."

दोन वर्षांनी कानावर पडलं ते 'दादा'. नरहरी डोळे पुसत धुराला शिव्या देत होता. धूर तर कधीच गेला होता. मी हाताला धरून त्याला आत चुलीपुढं बसवलं, ताट वाढलं आणि म्हणाले, "नरहरी, लई शिकलास, पर अक्कल ठरावात बांधून ठेवलीस. गट काय खेळायचा तो चिंचेखाली खेळ. भाकर रोज हितंच खायची. आन् ते दार मी परत बसवणार न्हाई."