सलग सहा वर्षं

"एकच वर्ष हो मॅडम! एका वर्षाने काय आभाळ कोसळणार आहे?"

विद्यापीठाच्या प्रवेशखिडकीपलीकडचा माणूस पुलांच्या कामावर क्रेन चालवायचा. शेजारी त्याची मुलगी फाइल छातीशी धरून उभी होती. मॅडमची एक पद्धत होती. मुलीचे दाखले आणि गुणपत्रकं घेऊन त्यांनी ती टेबलावर डावीकडून उजवीकडे मांडली. सातवी, आठवी, नववी, दहावी. अकरावीच्या जागी त्यांनी आपलं चष्म्याचं घर ठेवलं. ते काळं होतं आणि त्याचे कोपरे झिजले होते. त्याच्यापुढे बारावी.

अकरावीच्या वर्षी बापाचं काम राज्याच्या सीमेपलीकडच्या पुलावर होतं आणि मुलगी तिथल्या शाळेत होती. बारावीला दोघं परत आले. बापाने चष्म्याच्या घराकडे पाहिलं आणि त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"म्हणजे ही बाहेरची?"

"बाहेरच्या यादीत. अर्ज रद्द नाही होत, यादी बदलते."

"मॅडम, हिचा जन्म त्या समोरच्या सरकारी दवाखान्यातला आहे हो."

"जन्माचं विचारलेलंच नाही अर्जात," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का मारला.

आता बाहेरची यादी म्हणजे काय, हे त्या खिडकीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. विद्यापीठ सरकारी. शंभर जागांपैकी पंचाऐंशी राज्यातल्या, म्हणजे सातवी ते बारावी सलग इथेच शिकलेल्या मुलांना, उरलेल्या पंधरा बाहेरच्यांना, आणि त्यांची फी तिप्पट. पण फीचं सोडा. पशुवैद्यकाची राज्याची यादी गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर थांबली होती आणि बाहेरची ब्याण्णववर. कोणत्या यादीत कोण, हे एकतीस वर्षं मॅडम ठरवत होत्या. ठरवत होत्या म्हणजे नियम ठरवायचा, त्या फक्त कागद मांडायच्या. मुलं त्यांना पाठीमागे 'सलग मॅडम' म्हणत, कारण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "शिक्षण सलग आहे का?" नाव कानावर आलं होतं. त्यांना ते आवडतही असावं. मात्र तसं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

बाप-लेक गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने खुर्ची सरकवली. याला सगळं ऑफिस रेडिओ म्हणायचं. सकाळी लागला की पाच वाजेपर्यंत चालू. पण आज तो हळू बोलत होता.

"मॅडम, तुमच्या ठकूची फाइल आलीय माझ्याकडे."

नात्यातल्या माणसाची फाइल आपण तपासायची नाही, ती शेजारच्या टेबलावर जाते, हाही नियमच होता. मॅडमने मान डोलवली.

"आठवी नाहीये तिची इथली."

"माहीत आहे."

माहीत होतं, आणि दोन महिन्यांपासून होतं. आधी नियम चार वर्षांचा होता. एप्रिलमध्ये परिपत्रक आलं आणि चाराची सहा झाली. मॅडमने ते वाचलं, नोंद केली, स्वतःच्या हाताने फलकावर टाचलं. चारही कोपऱ्यांना टाचण्या लावल्या, तिरकं लागू नये म्हणून एक पाऊल मागे जाऊन पाहिलंसुद्धा. आणि चार दिवसांनी स्वयंपाकघरात भांडी विसळताना सहज बोटांवर वर्षं मोजली आणि नळ तसाच वाहत राहिला. त्या दिवसापासून त्या हे पोटात घेऊन हिंडत होत्या. अर्ज भरतानासुद्धा ठकूला बोलल्या नव्हत्या. नियम मागे घेतला जाईल अशी वेडी आशा. दुसऱ्या कुणी अशी आशा केली असती तर मॅडमने त्याला झापलं असतं.

"माझं ऐका," रेडिओ म्हणाला. "एक्याऐंशी टक्के आहेत पोरीला. राज्याच्या यादीत आरामात बसते. जुन्या शाळेतून एक पत्र आणा. पोर आठवीत आमच्याच पटावर होती, आजारपणामुळे गैरहजर होती. दोन ओळी! बाकी मी बघतो. मला तर हल्ली जवळचं दिसतच नाही."

"उद्या सांगते," मॅडम म्हणाल्या.

एकतीस वर्षांत त्यांनी कुणाला 'उद्या सांगते' म्हटलेलं रेडिओने ऐकलं नव्हतं. तो उरलेला दिवस गप्प राहिला.

ठकू मॅडमच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर पाच वर्षांची होती. वडिलांची नोकरी दुसऱ्या राज्यात, घरी करायला कोणी नाही. मॅडमने लग्न केलेलं नव्हतं. त्यांनी पोरीला घरी आणलं, आणि आणलं ते आणलंच. नवव्या वर्षी तिच्या गळ्यात लाल दोरीत ओवलेली घराची किल्ली आली. तेव्हापासून ठकू घरी येते म्हणजे आधी कुलपात खडखड, मग दार धाडकन भिंतीवर, मग दप्तर एकीकडे आणि बूट तिसरीकडे. "अगं, दार आहे ते, तुझा शत्रू नाही!" हे वाक्य मॅडमने इतक्यांदा म्हटलं होतं की खालच्या मजल्यावरच्या आजीबाई ते ऐकून घड्याळ लावत.

त्या संध्याकाळीही दार धाडकन भिंतीवर आदळलं. मॅडमचं नेहमीचं वाक्य मात्र आलं नाही. ठकूने त्यांच्याकडे पाहिलं.

"काय झालं गं?"

मॅडमने तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. खिडकीवर सांगायच्या तसंच, आधी नियम, मग कोणतं वर्ष अडतंय, मग कोणती यादी. रेडिओचं बोलणंही सांगितलं. समोरासमोर लपवाछपवी त्यांना जमली असती तर आणखी काय हवं होतं!

ठकू ऐकत होती. या मुलीला लहानपणापासून गुराढोरांचं वेड. रस्त्यावरच्या लंगड्या कुत्र्याला पट्टी बांधताना दोनदा चावून घेतलं होतं तिने. गुरांची डॉक्टर सोडून दुसरं काही व्हायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"आठवीला मी पप्पांकडे जायला तयार नव्हते, मावशी," ती म्हणाली. "पप्पांनी नवं घर मांडलं, त्यांना मी हवी होते. मी रडत होते आणि तू बॅग भरत होतीस."

"बाप आहे तो तुझा. मी कोण अडवणार?"

"बरं, ते सोड. पण शाळा सोडल्याचा दाखला? शाळेतल्या मोठ्या बाई म्हणत होत्या ना, पोरीचं नाव पटावर राहू दे, नाही करमलं तर वर्षभरात परत येईल. मी तिथेच उभी होते. तू काय म्हणालीस?"

मॅडमला आठवत होतं. त्या म्हणाल्या होत्या, शिकणार एकीकडे आणि नाव दुसरीकडे, असली लबाडी माझ्या घरात नको. मुख्याध्यापिकाबाई तरी समजावत होत्या. मॅडमने खनपटीला बसून दाखला लिहून घेतला, तारीख नीट नाही म्हणून पुन्हा लिहायला लावला आणि ऐटीत घरी आल्या. दुसरी कुठलीही मावशी बाईंचे आभार मानून घरी आली असती. नंतर वर्षभरात पोर परत आलीच, पाच किलो वजन घटवून.

"चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या. हे शब्द त्यांच्या तोंडून निघायला किती जड गेले, ते त्यांनाच माहीत.

"मग आता कर ना फोन," ठकू म्हणाली. "बाई अजून आहेत. त्या देतील पत्र. तू दाखला काढला नसतास तर नाव खरंच पटावर राहिलं असतं. यात खोटं काय आहे? एक फोन, मावशी."

फोन टेबलावरच होता. मॅडमने तो उचलला, नंबर काढला. त्यांना द्यायचं होतं हो ते पत्र! आयुष्यात काही इतकं द्यावंसं वाटलं नव्हतं. पण डोळ्यांपुढे सकाळची ती मुलगी आली, फाइल छातीशी धरलेली. तिचं एक वर्ष त्यांनी चष्म्याच्या घराने झाकलं होतं आणि तेच घर आता त्यांच्या मांडीवर होतं. तिच्या बापाला असा फोन करता आला नव्हता. त्यांनी फोन पालथा ठेवला.

ठकूने त्या पालथ्या फोनकडे पाहिलं.

"त्या दिवशी बाईंसमोरही तू अशीच बसली होतीस," ती म्हणाली आणि उठून आत गेली. दार तिने अगदी हळू लावलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओने पत्रासाठी हात पुढे केला. मॅडमने नकारार्थी मान हलवली. मग त्याने नाइलाजाने ठकूचे कागद टेबलावर मांडले, एकमेकांना चिकटवून, मधली फट दिसू नये असे. मॅडम उठल्या, त्याच्या टेबलापाशी गेल्या. सातवी त्यांनी डावीकडे सरकवली, नववीपासूनचे उजवीकडे आणि मध्ये आपलं चष्म्याचं घर ठेवलं.

"मारा शिक्का."

"मॅडम, अहो घरची पोर आहे..."

"मारा म्हणते ना."

बाहेरची यादी त्या वर्षी त्र्याण्णववर थांबली. ठकूला तिच्या वडिलांच्या गावी प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मिळाला. राहायला वडिलांचं घर होतंच. जाताना ती मॅडमच्या पाया पडली, भांडली नाही, रडलीही नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मॅडमला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. फोन दर रविवारी यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतेस का, बरं ठेवते. खालच्या आजीबाईंनी एकदा विचारलं, हल्ली दाराचा आवाज कसा येत नाही? मॅडम म्हणाल्या, बिजागरीला तेल घातलंय.

तीन महिन्यांनी ठकूला चार दिवसांची सुट्टी लागली. मॅडमने अर्धी रजा टाकली, चादरी बदलल्या आणि दुपारपासून कुलपाच्या खडखडीकडे कान लावून बसल्या. साडेपाचला बेल वाजली. या घराची बेल वाजवणारे दोनच, मीटरवाला आणि टपालवाला. मॅडमने चरफडत दार उघडलं.

बाहेर ठकू उभी होती. बॅग पायाशी नीट ठेवलेली, केस विंचरलेले.

"अगं, किल्ली हरवलीस की काय?"

"नाही, आहे की." तिने गळ्यातली लाल दोरी ओढून दाखवली.

"मग?"

"असं एकदम कसं आत यायचं," ठकू म्हणाली, आणि मॅडम बाजूला होईपर्यंत पायपुसण्यावर पाय पुसत उभी राहिली.