सोमवारची बोट

अमरावतीतल्या निम्म्या लग्नांचे मुहूर्त चिंतामणशास्त्र्यांनी काढलेले. उरलेल्या निम्म्यांत कुठे बिनसलं, की ते शांतपणे म्हणायचे, "मले इचारलं होतं काय?" अशा माणसाचा मुलगा उद्धव चित्रकला शिकायला इटलीत, फ्लॉरेन्सला गेला, तोही मुहूर्त न पाहता. दोन वर्षं शास्त्रीबुवांनी त्याच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. वाचायचे मात्र सगळी. तिथल्या देवळांत ओल्या चुन्यावर चित्रं काढतात, चुना वाळायच्या आत हात उरकावा लागतो, असं काहीबाही त्यांत असायचं.

चाळीस सालच्या मे महिन्यात त्याची तार आली. लढाई जवळ येते आहे. एक बोट सोमवारी सत्तावीसला, दुसरी बुधवारी बारा जूनला. नाना सांगतील तिनं निघतो.

नाना सांगतील! शास्त्रीबुवांचा चेहरा असा खुलला की त्यांच्या मुलीला, विमलला, भीतीच वाटली. ती मुलींच्या शाळेत शिकवायची, वाचनालयात पेपर वाचायची. रोज एकेक देश पडत होता. इटली लढाईत उतरली, की इंग्रजी राज्यातला माणूस तिथे शत्रू ठरणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

शास्त्रीबुवांनी पंचांग उघडलं. "सोमवारी पूर्वेले दिशाशूल, अन् हा पूर्वेलेच येऊन राहिला. बुधवारी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. उत्तम."

"नाना, तोवर इटली लढाईत उतरली तर?"

"आरशात पाहून निघ म्हणा न त्याले," आई म्हणाली. "सोमवारचा तोच तर उतारा आहे."

"तो उतारा बडनेऱ्याले जाणाऱ्यासाठी. इथं समुद्र आहे. पोरगा पहिल्यांदा मले इचारून राहिला, तुमी मधात काहून पडता?"

इंग्रजी विमललाच येई, म्हणून तारघरात तीच गेली. फॉर्मवर तिनं आधी सोमवार लिहिला. घरात कुणाला कळणार होतं? पण सुरुंग लागून तीच बोट बुडाली तर? भावाला आपणच मारलं, असं जन्मभर माथी बसेल. तिनं फॉर्म फाडला आणि दुसऱ्यावर बुधवार लिहिला. मन तिला खात होतं, तरी लिहिला.

आठ जूनला सोमवारची बोट मुंबईला सुखरूप लागली. पेपरातली ती ओळ तिनं घरी कुणाला सांगितली नाही.

अकराच्या सकाळी पोस्टमन सूर्यभान दारात आला, तो रिकाम्या हातानं. "बाई, इटली लढाईत उतरली म्हन्तात रातीपासून. तुमच्या भावाचं काही कयलं काय?"

आई उंबऱ्यातच खाली बसली. शास्त्रीबुवा पूजा अर्धी टाकून बाहेर आले आणि विमलला कोपऱ्यात घेऊन गेले. बापाचा असा लाचार आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.

"विमल, मी रागावणार नाही. तुले माझं कधी पटलं नाही. तू सोमवारच कळवला असशील न?"

तिनं खाली पाहिलं.

"बुधवारच, नाना. तुमी सांगितला तोच."